‘हा प्रयोग मी केलेला नाही’: कनिष्ठ महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाला एका आईचे खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, विश्वस्त मंडळ आणि मा. प्राचार्य,
माझी मुलगी अकरावी विज्ञानला शिकते ते पुण्यातले कनिष्ठ महाविद्यालय,
आणि तिथल्या सर्व पालकांना

महोदय,

गेल्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण एक हमीपत्र पाठवलंत. प्रात्यक्षिकाचं जर्नल, हजेरीपत्रक आणि इतर कागद पूर्ण करण्याबाबत महाविद्यालय देईल त्या सूचना माझा पाल्य विनातक्रार पाळेल, आणि तसं न झाल्यास बारावीच्या प्रवेशाबाबत महाविद्यालय घेईल तो निर्णय मला मान्य असेल, असा त्याचा मजकूर. प्रिंट काढून, सही करून शनिवारपर्यंत ऑफिसात द्यायचं होतं. दहा मिनिटांत ग्रुपवर तीसेक अंगठे येऊन पडले.

मी अंगठा दिला नाही आणि सहीही करणार नाही. का करणार नाही ते आपल्या केबिनमध्ये मी एकदा सांगितलं आहे. आता सगळ्यांसमोर सांगते, कारण हे हमीपत्र सगळ्यांना आलं आहे आणि ते माझ्या मुलीमुळे आलं हेही एव्हाना सगळ्यांना माहीत झालं आहे.

आधी माझी चूक सांगते. दहावीचा निकाल लागल्यावर आम्ही नवरा-बायको मुलीला घेऊन क्लासमध्ये गेलो. तिथल्या काउन्सेलर मॅडमनी सांगितलं, “कॉलेजची काळजी करू नका, आमचं टाय-अप आहे. सकाळी आठ ते दुपारी तीन मुलगी इथेच असेल. हजेरीचं कॉलेज बघून घेईल.” ‘बघून घेईल’ म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळलं होतं. न कळायला काय झालं? तरीही मी फीचा पहिला हप्ता भरला. आजूबाजूला सगळे हेच करत होते, आणि आपल्या एकटीच्या हट्टापायी मुलीचं मेडिकल हुकलं तर, ही भीती मोठी होती. त्यामुळे आपल्याला लिहिताना मी वरच्या पायरीवर उभी राहून बोलत नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अकरावीच्या मुलांना दोन दिवस कॉलेजला बोलावलं. वर्षभरात एरवी माझी मुलगी मोजून चार वेळा प्रयोगशाळेत गेली होती. त्या दोन दिवसांत फिजिक्सचं आख्खं जर्नल पूर्ण करायचं होतं. गेल्या वर्षीचं एक भरलेलं जर्नल बाकाबाकांवरून फिरत होतं आणि माझी मुलगी सोडून वर्गातली एकोणसाठ मुलं त्यातून रीडिंग उतरवत होती. साध्या लंबकाच्या पानावर लांबी 100 सेंटिमीटर, 20 आंदोलनांना 40.1 सेकंद. एकोणसाठही जर्नलांत 40.1. साठ मुलांनी खरोखर स्टॉपवॉच हातात धरलं असतं तर कुणाचं 39.8 आलं असतं, कुणाचं 40.6. एखाद्याचं मोजताना एक आंदोलन चुकलं असतं आणि 42 आलं असतं. मग सरांनी त्याला विचारलं असतं, “बाळ, मोजायला कुठून सुरुवात केलीस?” तो प्रयोग त्या प्रश्नासाठीच असतो.

माझ्या मुलीने स्वतः केलेले चार प्रयोग लिहिले. पाचव्या पानावर मथळा, उद्दिष्ट, साहित्य, आकृती हे सगळं नीट काढलं आणि निरीक्षणांच्या तक्त्यात निळ्या पेनाने लिहिलं, “हा प्रयोग मी केलेला नाही.” पुढच्या प्रत्येक पानावर तेच. नंतर हजेरीचं मस्टर समोर आलं तेव्हा ज्या दिवशी ती कॉलेजला आली होती तेवढ्याच रकान्यांत तिने सही केली. उरलेले रकाने मोकळे ठेवले.

पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे, पण पालकांना माहीत नाही. तिला प्रयोगशाळेबाहेर व्हरांड्यात पावणेदोन तास उभं केलं. जाता-येता तिला ऐकवलं, की तुझ्या या शहाणपणामुळे तपासणी आली तर सगळ्या वर्गाचं नुकसान होईल. एका सरांनी मात्र ते जर्नल हातात घेऊन शांतपणे सगळी पानं उलटली आणि “आकृत्या चांगल्या काढल्या आहेस” एवढंच म्हणून परत दिलं. ते सर तासिका तत्त्वावर आहेत आणि त्यांचं मानधन किती महिन्यांनी निघतं ते आपल्याला ठाऊक आहे. माझा राग त्यांच्यावर नाही.

संध्याकाळी मला फोन आला. “मुलीला समजवा. सोळा वर्षांची आहे, या वयात तत्त्वं वगैरे डोक्यात जातात. आधी करिअर होऊ दे.”

मी समजावलं. हे लिहिताना जड जातं, पण खरं आहे. रात्री जेवताना मी तिला म्हणाले, “कर गं सह्या. कोण बघतंय? दोन वर्षांनी ते जर्नल रद्दीत जाणार आहे.” ती ताटातल्या भाकरीकडे बघत म्हणाली, “आई, तू हिमोलाइज झालेला नमुना चालवला असतास का?”

मी सिंहगड रस्त्यावरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. रक्त घेताना किंवा नेताना त्यातल्या लाल पेशी फुटल्या तर नमुना हिमोलाइज झाला असं आम्ही म्हणतो. पेशींतलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि रिपोर्टमध्ये पेशंटचं पोटॅशियम आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. असा नमुना बाजूला काढायचा, पेशंटला फोन करायचा, पुन्हा सुई टोचायची. पेशंट चिडतो, मालक चिडतात, घरी यायला उशीर होतो. मुलगी चौथीत असताना अशाच एका संध्याकाळी मी तिच्या गॅदरिंगला पोहोचू शकले नव्हते. रडून डोळे सुजलेल्या पोरीला मी का आले नाही ते समजावून सांगितलं होतं. मी विसरून गेले होते. ती विसरली नव्हती.

पाटी लावून, तास घेऊन मूल्यं येत नाहीत, अशीच येतात. आणि पंधरा-सोळाव्या वर्षी मूल पहिल्यांदा ती आपल्या हातात घेऊन तपासतं, की आईबापांनी सांगितलेलं हे माझं आहे का. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने किशोरवयाचं मुख्य काम हेच सांगितलं, की ‘मी कोण’ हे ठरवणं. जेम्स मार्सिया यांनी 1966 मध्ये त्यावर पुढे काम केलं आणि दाखवलं, की काही मुलं हे शोधत-धडपडत ठरवतात, तर काही न शोधताच मोठ्यांनी हातात दिलेली ओळख अंगावर चढवतात. डॉक्टर व्हायचं, इंजिनिअर व्हायचं, सही कर म्हटलं की करायची. आपल्या मुलांपैकी किती जण या दुसऱ्या गटात आहेत, हे आपण पालकांनी मोजायला हवं.

“या वयात मुलांना काही कळत नाही, मित्र करतात ते करतात,” हे आपण त्या दिवशी केबिनमध्ये दोनदा म्हणालात. त्यात तथ्य आहेच. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ, पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की पुढे दामटायचं. मित्र शेजारी असले की 13 ते 16 वयाची मुलं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत होती. चोविशीच्या पुढच्या माणसांवर मित्रांचा तसा परिणाम दिसला नाही. आता हेच आपल्या प्रयोगशाळेला लावून बघा. साठ मुलं एका खोलीत, समोर भरलेलं जर्नल आणि शिक्षकांची मूक संमती. मित्रांच्या दबावाला बळी पडण्याच्या वयात आपण तो दबाव स्वतः तयार करून दिला आणि नंतर म्हणालात, मुलं काय, मित्र करतात ते करतात.

दुसरा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका शाळेत ख्रिस्तोफर ब्रायन, डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवीच्या मुलांवर तो केला, 2016 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीसारखं सांगितलं, चांगलं खा, पुढे तब्येत चांगली राहील. दुसऱ्या गटाला दाखवलं, की जंक फूडच्या कंपन्या मुलांना चटक लागावी म्हणून पदार्थ कसे बनवतात, लहानांना आणि गरिबांना कसं हेरतात, आणि या फसवणुकीला नकार देणं हे स्वाभिमानाचं काम आहे. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच निमित्ताने मुलांसमोर खाऊ ठेवला. पहिल्या गटापेक्षा दुसऱ्या गटातल्या जास्त मुलांनी चिप्स आणि कोल्ड्रिंक सोडून आरोग्याला बरं ते निवडलं. भविष्यातल्या फायद्याची भाषा या वयाला तेवढी भिडत नाही. मला कुणी नाचवू नये आणि कुणावर अन्याय होऊ नये, या दोन गोष्टी भिडतात. माझी मुलगी व्हरांड्यात उभी राहिली ती नेमकी यासाठी. आणि तिला फोनवरून, केबिनमधून, घरी माझ्याकडूनसुद्धा सांगितलं गेलं ते भविष्यातल्या फायद्याचं.

सही करणाऱ्या मुलांना मी खोटारडं म्हणत नाही, हे इथे मुद्दाम लिहिते. त्यांच्यातला एक मुलगा इंदापूरकडचा आहे. नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो, मेसचा डबा खातो. वडिलांनी त्याच्या फीसाठी कर्ज काढलं आहे. त्याने सगळ्या सह्या केल्या आणि रात्री माझ्या मुलीला मेसेज पाठवला, “मलापण तसंच लिहायचं होतं. पण पप्पांना काय सांगू?” हा मेसेज मी त्याच्या परवानगीने इथे देते आहे. त्याचाही निर्णय मूल्यावरूनच झाला आहे. बापाच्या कष्टांची जाण हे काय लहान मूल्य आहे? पण त्याचं एक मूल्य दुसऱ्याच्या आड यावं अशी परिस्थिती त्याच्यासमोर आपण उभी केलीत, आपण आणि आम्ही पालकांनी मिळून. सोळा वर्षांच्या मुलाला ‘खरं की बाप’ यांतून एक निवडायला लावण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

यामागची कारणं मला कळतात. 2013 ते 2016 या काळात इंजिनिअरिंगच्या जेईई मेन या प्रवेश परीक्षेच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना 40 टक्के वजन होतं, 2017 पासून ते काढून टाकलं. मेडिकलचा प्रवेश ‘नीट’ या परीक्षेवर होतो, बारावीत अट असते ती किमान गुणांची. मग कॉलेज ही फॉर्म भरण्यापुरती जागा उरली आणि क्लास ही खरी शाळा झाली. कॉलेजला विद्यार्थीसंख्या दाखवायची असते, क्लासला दिवसाचे तास हवे असतात, आम्हाला सीट हवी असते. तिघांचं जमतं. फक्त त्या जमवाजमवीच्या कागदावर सही लागते ती मुलाची.

हे चालणार नाही असं सरकारनेही सांगून झालं आहे. राज्य मंडळाचा 75 टक्के हजेरीचा नियम जुना आहे. विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीसाठी बायोमेट्रिक हजेरी लावा, असं राज्य शासनाने 2018 मध्ये पुण्यासह मोठ्या विभागांना सांगितलं. जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात शाळा-कॉलेजच्या वेळेत क्लास घेऊ नयेत असं स्पष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) राजस्थान आणि दिल्लीतल्या 21 शाळांची संलग्नता डमी, म्हणजे फक्त कागदावरच्या, प्रवेशांवरून काढून घेतली. तेव्हा ‘तपासणी आली तर’ ही भीती आपल्याला वाटते ते मी समजू शकते. पण त्या भीतीचं ओझं व्हरांड्यात उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्यावर ठेवायचं नव्हतं.

माझ्या तक्रारी आता नेमक्या सांगते.

पहिली आणि सर्वांत मोठी: खोटी सही करणं आपण सक्तीचं केलंत. इतके दिवस ते आपखुशीचं असल्यासारखं चाललं होतं. जर्नलवर प्रमाणपत्र देणार नाही म्हटल्यावर ते सक्तीचं झालं, कारण त्या प्रमाणपत्राशिवाय मूल पुढे जाऊ शकत नाही.

दुसरी, खरं लिहिणाऱ्या मुलीला सगळ्यांदेखत शिक्षा झाली. उरलेल्या एकोणसाठ मुलांनी त्या दिवशी काय धडा घेतला असेल, याचा विचार आपल्यापैकी कुणीतरी केला का? आठवडाभर आधी, 12 जानेवारीला, याच मुलांना सभागृहात बसवून चारित्र्यावर व्याख्यान दिलं होतं. माझ्या मुलीने त्याच्या नोट्स काढल्या आहेत.

तिसरी तक्रार प्रयोगशाळेची. वर्षातून चार प्रयोग? बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी 30 गुणांचं प्रात्यक्षिक असतं. ज्या मुलांना डॉक्टर व्हायचं आहे त्यांनी टेस्ट ट्यूब हातात न धरता पुढे जायचं? माझ्या लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या मुलींना पिपेट धरता येत नाही, हे मी रोज बघते.

आणि हमीपत्र. जर्नल तिने लिहिलं, रकाने तिने मोकळे ठेवले, मग सही माझी कशाला? उद्या काही झालं तर ‘पालकांनी लिहून दिलं होतं’ म्हणायची सोय व्हावी, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो. मुलांशी संबंधित निर्णयात त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं. भारताने तो करार 1992 मध्ये मान्य केला. आपल्या हमीपत्रात ‘विनातक्रार’ हा शब्द आहे.

‘सोळा वर्षांची पोर’ हे आपलं पालुपद आहे म्हणून एक आठवण करून देते. आपण पुण्यात आहोत. 1848 मध्ये बुधवार पेठेत मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई फुले 17 वर्षांच्या होत्या. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने 1855 मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो छापून आला, तेव्हा ती साधारण 14 वर्षांची होती. माझ्या मुलीने एवढं मोठं काही केलेलं नाही, तिची त्यांच्याशी तुलनाही मी करत नाही. तिने फक्त एका तक्त्यात खरं वाक्य लिहिलं. पण या वयाची मुलगी विचार करून, परिणाम ओळखून निर्णय घेऊ शकते की नाही, हा प्रश्न निदान या शहरात तरी विचारू नये.

आता मागण्या.

हमीपत्र मागे घ्या, आणि मागे घेतल्याचं त्याच ग्रुपवर लिहा. ज्यांनी सही केली आहे त्यांचे कागद परत करा.

माझ्या मुलीचं जर्नल आहे तसं स्वीकारा. राहिलेले प्रयोग करायची तिची तयारी आहे. एप्रिलमध्ये आठ दिवस प्रयोगशाळा उघडी ठेवा आणि ज्यांना यायचं आहे त्या सगळ्या मुलांना येऊ द्या. उपकरणं कमी असतील, माणूस कमी असेल, तर सांगा. काचेची भांडी धुण्यापासून स्टँड लावण्यापर्यंत मी स्वतः रजा टाकून येईन, आणखी दोन-तीन पालक यायला तयार आहेत.

बारावीच्या वर्षात आठवड्यातून दोन दिवस मुलांना कॉलेजमध्ये बोलवा, क्लासला तसं लेखी कळवा. क्लासने फी कमी करायला नकार दिला तरी चालेल, पण हे दोन दिवस सुटता कामा नयेत.

खरी हजेरी दर महिन्याला पालकांना कळवा. ती 20 टक्के असेल तर 20 लिहा. आम्हाला लाज वाटू दे.

आणि व्हरांड्यात जे झालं त्याबद्दल माझ्या मुलीशी कुणीतरी बोला. माफी मागाच असा माझा आग्रह नाही. तिला विचारा, तू असं का केलंस, आणि ती सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या. आजवर कॉलेजमधल्या एकानेही तिला हे विचारलेलं नाही.

पालकांनाही एक विनंती. ग्रुपवर अंगठा देण्याआधी आज रात्री आपल्या मुला-मुलीला विचारा, जर्नलमधले किती प्रयोग तू स्वतः केलेस? रागावू नका, फक्त आकडा विचारा.

या पत्राची प्रत मी विभागीय शिक्षण उपसंचालकांच्या कार्यालयात आजच देऊ शकले असते. दिलेली नाही. तक्रार झाली तर साठही मुलांची वर्षं टांगणीला लागतील, आणि त्यांतला कुणीही यात दोषी नाही. आधी आपल्याशी बोलायचं, असं आम्ही मायलेकींनी ठरवलं आहे. ती म्हणाली, “आधी त्यांना वेळ दे.” मी पंधरा दिवस थांबते.

येत्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता मी मुलीला घेऊन कॉलेजच्या ऑफिसात येईन. जर्नल तिच्या दप्तरात असेल. साध्या लंबकाच्या पानावर रीडिंग लिहिलेली नाहीत, तिथे भरायला जागा आहे. स्टॉपवॉच आम्ही घरून आणू.

आपली नम्र,
अकरावी विज्ञानच्या एका विद्यार्थिनीची आई
वडगाव बुद्रुक, पुणे